शाळा सुटलेली पंधरा वर्षांची पोरं कुणाची? अमेरिकेतली शहरं कृष्णवर्णीय मुलांसाठी करतात तसं सांगलीत जमेल का?

शंभरफुटी मिस्त्री
रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. सांगलीत शंभर फुटी रोडला माझं दुचाकीचं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. शिक्षण दहावी आणि आयटीआयचा मोटर मेकॅनिक. प्रश्न लांबच्या देशातला आहे, पण आधी इथलं सांगतो, म्हणजे मी का विचारतोय ते कळेल.

मे-जूनमध्ये आणि दिवाळीनंतर गॅरेजवर आया येतात. सोबत चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं, मान खाली घालून उभं. "भाऊ, याला ठेवून घ्या. शाळेत जाईना. पगार नसला तरी चालंल, नुसतं हाताखाली राहू दे." मी ठेवत नाही. २००९ साली एकाला ठेवलं होतं, चौदाचा होता. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, आणि हा फडक्यानं चेन पुसत होता. फडकं ओढलं गेलं आणि उजव्या हाताचं बोट चेन आणि चक्राच्या मधे गेलं. दीड पेर गेलं. चूक माझी. मी चार हातांवर गिऱ्हाइकाशी बोलत उभा होतो, चालू इंजिनावर चेन पुसायची नाही हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून अठरा पुरी झाल्याशिवाय कुणाच्या हातात पाना द्यायचा नाही. आधार कार्ड बघितल्याशिवाय आत घेत नाही.

नियम बरोबर आहे, त्यात बदल करणार नाही. पण माझ्या दारातून परत गेलेल्या पोराचं पुढं काय होतं तेही मला इथूनच दिसतं. तिसऱ्या महिन्यात तो चौकातल्या पानपट्टीसमोर असतो. वर्षाच्या आत कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर खालच्या रांगेत त्याचा फोटो लागतो. ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या गाडीवर हा मागं बसून फिरतो. गेल्या साली अशाच एकाचं मारामारीत नाव आलं. त्याची आई गॅरेजवर आली, रडली नाही, एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्ही तेव्हा ठेवलं असतं तर." ते मला अजून झोपू देत नाही.

माझा पुतण्या शिकागोत नोकरीला आहे. फोनवर त्याला हे सांगत होतो, तर तो म्हणाला, काका, इथं शहरच उन्हाळ्यात पोरांना कामाला लावतं, चौदा वर्षांपासून पुढच्या. आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी, तरुणांसाठी बऱ्याच शहरांनी वेगळी कार्यालयं काढलीत, महापौर स्वतः त्यात लक्ष घालतात. मी आजवर महापालिका म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गटार आणि घंटागाडी एवढंच बघितलं. पोराचं आयुष्य मार्गी लावणं हे शहराचं काम, असं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तर मला विचारायचंय ते असं. तिथली शहरं नेमकं काय करतात? पैसा कुठून आणतात? पोरांना खरंच उपयोग झाला का, की फोटो निघाले आणि संपलं? आणि आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका यातलं काही करू शकेल का?

एक विनंती. माझ्या दारात येतात ती पोरं वडार, मातंग, कैकाडी, मुसलमान घरांतली, आणि अलीकडं जमीन गेलेल्या मराठ्यांचीसुद्धा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण त्यावरून इथं भांडण काढू नका.


माहुलीकर
रविवार, रात्री ११.५५

मिस्त्री, तुमचा प्रश्न वाचून झोपायचं रद्द केलं.

मी मूळचा संगम माहुलीचा, आता परत साताऱ्यात. मधली नऊ वर्षं ओकलंडला होतो, कॅलिफोर्नियात. नोकरी संगणकाची, पण बुधवारी संध्याकाळी एका शाळेत गणित शिकवायला जायचो, त्यामुळे थोडं जवळून पाहिलं.

आधी एक फरक सांगतो. तिथं बहुतेक गावांत शाळा महापालिकेच्या नसतात. शाळांचं वेगळं मंडळ असतं आणि त्यावर लोक सभासद निवडून देतात. ओकलंडमध्ये हे काम त्या शाळा-मंडळानं २०१० साली सुरू केलं. फक्त कृष्णवर्णीय मुलग्यांच्या प्रगतीसाठी एखाद्या शाळा-मंडळानं स्वतंत्र खातं उघडण्याची देशातली ती पहिली वेळ. ख्रिस चॅटमन नावाचे गृहस्थ त्याचे प्रमुख होते.

त्यांनी काय केलं? एक तास सुरू केला. शाळा सुटल्यावरचा जादा वर्ग नव्हे, गणित-विज्ञानासारखा वेळापत्रकातला तास. शिकवणारा कृष्णवर्णीय पुरुषच. मी पाहिलेला मास्तर दारात उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा. ज्याचा हात ढिला, त्याला थांबवून विचारायचा, काल काय झालं? तासात स्वतःच्या समाजाचा इतिहास असायचा, आफ्रिकेपासून आजपर्यंतचा. राग आला तर काय करायचं, कॉलेजचा अर्ज कसा भरायचा, हेही असायचं.

उपयोग झाला का, तर झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे थॉमस डी आणि त्यांच्या सहकारी एमिली पेनर यांनी याचा अभ्यास करून २०१९ मध्ये मांडला. जिथं हा तास होता तिथं कृष्णवर्णीय मुलग्यांची शाळागळती ४३ टक्क्यांनी कमी झाली. आणि सर्वांत जास्त फरक नववीत पडला. तुमच्या दारात येणारं पोरगं याच वयाचं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता पुतण्या सांगत होता ते शिकागोचं. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं चिठ्ठ्या टाकून पोरं निवडली. हिंसा जास्त असलेल्या भागांतल्या १३ शाळांमधली १,६३४ मुलंमुली अभ्यासात होती, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. काहींना काम मिळालं, काहींना नाही. काम आठ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनानं. कुणी लहान मुलांच्या उन्हाळी शिबिरात, कुणी वस्तीतल्या बागेत, कुणी नगरसेवकाच्या कार्यालयात. दर दहा-एक पोरांमागं एक मोठा माणूस, जो वेळेवर आलास का, साहेबाशी कसं बोललास, हे बघायचा. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्यांची हिंसक गुन्ह्यातली अटक ४३ टक्क्यांनी कमी निघाली. आणि ही घट बहुतेक काम संपल्यानंतरची आहे. पोरगं कामात गुंतलेलं होतं म्हणून शांत राहिलं, एवढंच कारण असतं तर काम संपल्यावर फरकही संपला असता.

शिकागोतच शाळांमध्ये मुलग्यांचे गट बसवण्याचा एक उपक्रम आहे, 'बिकमिंग अ मॅन' नावाचा. संस्थेचा उपक्रम, शहरानं पैसे घालून वाढवला. त्यातला पहिल्या दिवसाचा खेळ ऐका. दोघांच्या जोड्या करतात. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याला सांगतात, अर्ध्या मिनिटात तो काढून घे. पोरं झटतात, बोटं पिरगळतात, खाली पडतात. मग शिक्षक विचारतो, "तुमच्यातल्या एकानंही 'जरा देतोस का' असं का नाही विचारलं?" समोरच्या पोराला विचारतो, "मागितला असता तर दिला असतास?" बहुतेक जण म्हणतात, दिला असता, चेंडूच तर आहे.

बाकी उद्या लिहितो. एक मात्र आत्ताच लिहितो. हा विषय आपल्या मातीला परका नाही. फुल्यांचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं कटगुण. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि पोरानं कमवत शिकायचं ही गोष्ट भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात करून दाखवली. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, हातानं काम करून, एका पंगतीत जेवून शिकली.


कराडची मास्तरीण
सोमवार, सकाळी ७.१०

मिस्त्रीदादा, तुमच्या त्या आईचं वाक्य वाचून मलाही गलबलून आलं. पण मी नववी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे, म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

मुलगे शाळेतून गेले की चौकात दिसतात. मुली गेल्या की दिसतच नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या हजेरीपटावर दोन-तीन नावं गैरहजर लागत जातात आणि मार्चमध्ये कळतं की लग्न झालं, किंवा ठरलंय म्हणून घरीच ठेवलं. मारामारीत त्यांचं नाव येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी प्रश्नही विचारत नाही.

अमेरिकेतही नेमका हाच वाद झाला. ओबामांनी २७ फेब्रुवारी २०१४ रोजी व्हाइट हाऊसमधून कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या मुलग्यांसाठी 'माय ब्रदर्स कीपर' जाहीर केलं. त्यात टप्पे असे: मूल शाळेत येताना तयार असावं, तिसरीपर्यंत नीट वाचता यावं, शाळा पूर्ण व्हावी, पुढचं शिक्षण किंवा कौशल्य मिळावं, नोकरी लागावी, हिंसेपासून दूर राहावं आणि चुकलेल्याला दुसरी संधी मिळावी. शहरांना त्यांनी आवाहन केलं आणि अडीचशेच्या आसपास गावं-शहरं पुढं आली. चांगलंच झालं. पण त्याच वर्षी हजाराहून जास्त कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या स्त्रियांनी ओबामांना जाहीर पत्र लिहिलं की त्याच घरात, त्याच गल्लीत वाढणाऱ्या मुलींना का वगळलं? कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ त्यात आघाडीवर होत्या. वॉशिंग्टन शहरानं २०१६ मध्ये फक्त मुलग्यांची सरकारी शाळा काढली, तेव्हाही हा प्रश्न पुन्हा आला.

तुम्ही मुलग्यांसाठी मागताय, जरूर मागा. पण अर्ज लिहाल तेव्हा 'मुले' म्हणजे 'मुलगे' असं होऊ देऊ नका.


शंभरफुटी मिस्त्री
सोमवार, दुपारी २.३०

ताई, बरोबर आहे तुमचं. माझ्या दारात पोरी येत नाहीत म्हणून त्या माझ्या डोळ्यासमोर नव्हत्या. अर्जात नक्की घालतो.

माहुलीकर, तुमचा तो चेंडूचा खेळ सकाळीच करून बघितला. माझ्याकडं दोघं आहेत, एकोणीस आणि वीस वर्षांचे. एकाच्या मुठीत चौदाचा नट दिला आणि दुसऱ्याला म्हटलं, काढून घे. हसत सुरू झालं आणि क्षणात दोघांचे चेहरे बदलले. एकानं दुसऱ्याचा हात पाठीमागं पिरगाळला. मी थांबवलं आणि विचारलं, मागितला का नाहीस? दोघं गप्प. मग ज्याच्या मुठीत नट होता तो म्हणाला, "मिस्त्री, मागितल्यावर कुणी देतं हे आजवर बघितलंच नाही." त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुपारपर्यंत तिघंही कामाशिवाय बोललो नाही.


हळदपेठ
सोमवार, संध्याकाळी ६.४५

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. कुठली ते लिहीत नाही. मिस्त्रींनी पैशाचं विचारलंय आणि माझा तेवढाच अभ्यास आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०११ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) तरुणांसाठी तीन वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला, सुमारे १२ कोटी ७० लाख डॉलरचा. त्यातले ३ कोटी ब्लूमबर्ग यांच्या स्वतःच्या प्रतिष्ठानचे, ३ कोटी जॉर्ज सोरोस या धनाढ्य गुंतवणूकदाराकडचे, उरलेले शहराच्या तिजोरीतून. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा शहराचा. पण रकमेपेक्षा मला त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांनी एक नवं खातं उघडून सगळं त्याच्या गळ्यात मारलं नाही. शहराच्या वीसेक जुन्याच खात्यांना कामाला लावलं. शिक्षण, आरोग्य, रोजगार, आणि शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणारं परिविक्षा खातंसुद्धा. त्या परिविक्षा खात्यानं ब्राउन्सव्हिलसारख्या वस्त्यांत आपली लहान कार्यालयं उघडली, म्हणजे पोरानं हजेरीला कोर्टाच्या इमारतीत चकरा मारायच्या नाहीत, वस्तीतच यायचं, आणि तिथंच नोकरीची आणि शिकण्याची माहिती घ्यायची.

सगळंच यशस्वी झालं असंही नाही, आणि हे लिहिलं पाहिजे. रायकर्स बेटावरच्या तुरुंगातल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रशिक्षण २०१२ मध्ये सुरू झालं. त्याला गोल्डमन सॅक्स बँकेनं कर्ज दिलं होतं. मुलं पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण घटलं तर शहर पैसे परत करणार, नाही घटलं तर नाही. २०१५ मध्ये बाहेरच्या तपासणीत दिसलं की प्रमाण घटलंच नाही. शहरानं पैसे दिले नाहीत आणि कार्यक्रम बंद केला. फसलेलं काम मोजलं, जाहीर केलं आणि थांबवलं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी असं एकदाही होताना पाहिलं नाही.

आता आपलं. महाराष्ट्रातल्या नगरपालिका-महापालिकांना अंदाजपत्रकात दुर्बल घटकांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. म्हणजे पैसाच नाही असं नाही. पैसा शेवटच्या पंधरवड्यात जागा होतो. मार्च आला की 'निधी पडून राहील' म्हणून धावपळ सुरू. आमच्याकडं एका वर्षी शिलाई मशिनं घेतली. बिलं मी स्वतः तपासली, दर बरोबर होते, सह्या होत्या. वाटपाचा कार्यक्रम झाला. सहा महिन्यांनी त्यातली किती मशिनं चालतात हे विचारायला कुणी गेलं नाही. मीही नाही. तो प्रश्न माझ्या टेबलाचा नव्हता असं मी तेव्हा समजत होतो.

मिस्त्री, तुमच्या मुद्द्याला जाऊन भिडणारी आणखी एक गोष्ट. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. योजना चांगली. पण वय १८ ते ३५ आणि कमीत कमी बारावी किंवा आयटीआय पास. तुमच्या दारातल्या पंधरा वर्षांच्या, नववी सोडलेल्या पोराला तिथंही दार बंदच.


मिरज जंक्शन
सोमवार, रात्री ११.३०

मी तो पोरगा आहे. तुमच्या गॅरेजवर आलेला नाही, पण तोच.

आता चोवीस वर्षांचा आहे. नववीत सोडली. वर्गात एक दिवस चोरी झाली, कुणाचे तरी पैसे गेले. सरांनी सगळ्यांच्या देखत पहिलं माझंच दप्तर उलटं केलं. काही निघालं नाही. सरांनी वह्यासुद्धा उचलून दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही आणि शाळेतून विचारायला कुणी आलं नाही. घरी सांगितलं पोट दुखतंय. मग स्टेशनला पाण्याच्या बाटल्या विकायला लागलो. रात्रीच्या गाड्यांना जास्त खप. हाताशी पैसे आले की शाळा आठवत नाही.

मला परत कुणी नेलं सांगू? साहेब नाही, संस्था नाही. आमच्या वस्तीत एक दादा आहे. तो स्वतः आत जाऊन आलेला, चार वर्षं. मी सतराचा असताना एका रात्री स्टेशनबाहेर भांडण झालं, दुसऱ्या दिवशी मी घरातून काहीतरी घेऊन निघालो होतो. काय ते लिहीत नाही. दादा गल्लीच्या तोंडाला बसला होता. म्हणाला, जायचं तर जा, आधी पाच मिनिटं बस. आतमध्ये सकाळी किती वाजता उठवतात, संडासाची रांग कशी असते, आई भेटायला आली की जाळीतून काय दिसतं, एवढंच सांगितलं. शिकवण काही दिली नाही. मी परत घरी गेलो.

त्यानंतर तीन आठवडे रोज संध्याकाळी तो येऊन शेजारी बसायचा. मग मला घेऊन गेला आणि दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. पहिल्या खेपेला गणित राहिलं. दुसऱ्या खेपेला निघालं. पुढं आयटीआयला वायरमन केलं. आता कुपवाड एमआयडीसीत आहे.

पण खरं सांगायचंय ते दादाचं. तो रंगकाम करतो. काम असलं की पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी. त्या दिवसांत आमच्या गल्लीतली पोरं पुन्हा मोकाट. मागच्या पावसाळ्यात दोन महिने त्याला कामच नव्हतं, घरात भांडणं, तो कुणाकडं बघणार? या कामाचा त्याला आजपर्यंत कुणी एक रुपया दिलेला नाही. त्याच्या नावावर केस होती म्हणून कुठल्या समितीवर घेत नाहीत. आणि समितीवरच्या लोकांचं आम्ही ऐकत नाही.


माहुलीकर
मंगळवार, सकाळी ६.३०

भावा, हे तू लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार.

तुझ्या दादासारख्या माणसाला न्यूयॉर्कनं पगार दिला. हळदपेठ काकांनी सांगितलेल्या त्याच कार्यक्रमात २०१२ मध्ये 'आर्चेस' नावाचं काम सुरू झालं. सोळा ते चोवीस वयाचे, शिक्षा होऊन परिविक्षेवर असलेले तरुण. त्यांच्यासाठी नेमलेले मार्गदर्शक कोण, तर त्याच वस्तीतले, बरेचसे स्वतः तुरुंग पाहून आलेले. तिथं अशा माणसाला म्हणतात 'ज्याचा निरोप पटतो तो'. गटात बसायचं, जेवायचं, बोलायचं, आणि रात्री-अपरात्री फोन आला तर उचलायचा. त्याचा मोबदला शहर देणार, सेवा म्हणून फुकट नाही. २०१८ मध्ये अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं तपासलं. आर्चेसमधल्या मुलांना वर्षभरात पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचं प्रमाण, तशाच दुसऱ्या मुलांपेक्षा ६९ टक्क्यांनी कमी होतं. दोन वर्षांनंतरही ५७ टक्क्यांनी कमी.

ओकलंडमधला मास्तर, शिकागोत दहा पोरांमागं असलेला तो मोठा माणूस, आर्चेसमधला मार्गदर्शक, आणि तुझा दादा. मला यात एकच गोष्ट दिसते. पोराला ओळखणारा एक मोठा माणूस रोज जागेवर हजर असतो, आणि त्याचं हजर असणं हे कुणीतरी काम म्हणून मान्य केलेलं असतं. रायकर्सला प्रशिक्षण होतं, पण पोरं तुरुंगात येत-जात होती, बाहेर आल्यावर शेजारी बसणारं कुणी नव्हतं. हे माझं मत आहे, अभ्यास करणारे कदाचित वेगळं सांगतील.

ताई, मुलींचं. ओकलंडच्या त्याच अभ्यासात कृष्णवर्णीय मुलींची गळतीही थोडी घटलेली दिसली, तास फक्त मुलग्यांचा असूनही. पण त्यावर समाधान न मानता तिथल्या मंडळानं पुढे मुलींसाठी स्वतंत्र काम सुरू केलं. शिकागोच्या उन्हाळी कामात तर मुली पहिल्यापासून होत्या.


कराडची मास्तरीण
मंगळवार, सकाळी ७.००

मिरजेच्या भावा, त्या दप्तराबद्दल एक शिक्षिका म्हणून मी तुझी माफी मागते. ज्यांनी केलं ते मागणार नाहीत.

तुझ्या लिहिण्यात एक वाक्य आहे, शाळेतून विचारायला कुणी आलं नाही. आमच्याकडं सर्वेक्षणं होतात, शाळाबाह्य मुलं शोधायला आम्हीच घरोघर फिरतो. पण मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ६ ते १४ चा. चौदा पुरी झाली की पोरगं त्या तक्त्यात बसतच नाही. मिस्त्रीदादा, चौदा ते अठरामधली ती तीन-चार वर्षं कागदावरही कुणाची नाहीत.


हळदपेठ
मंगळवार, दुपारी १२.१५

ताईंनी नेमकं सांगितलं. चौदाला शिक्षणाचा कायदा संपतो, अठराला योजना सुरू होते. मधला काळ महापालिकेनं आपला म्हणायचा, एवढीच मागणी करा. मोठी मागितलीत तर 'शासनाकडे प्रस्ताव पाठवतो' म्हणतील आणि ती फाईल तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.

मी असं सुचवतो. एकच प्रभाग. चौदा ते अठरा वयाची शाळा सुटलेली तीस मुलं आणि मुली. दर दहांमागे वस्तीतला एक दादा किंवा ताई, त्यांना दरमहा मानधन, दुर्बल घटक निधीतून. मे महिन्यापासून आठ आठवडे हलकं, धोका नसलेलं काम, महापालिकेच्याच बागा, वाचनालयं, दवाखाने, जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी इथं. सोबत सतरा नंबरचा फॉर्म किंवा आठवी पासवर चालणारा आयटीआयचा ट्रेड. आणि वर्षअखेरीला तीसपैकी किती शाळेत, किती आयटीआयला, किती कुठंच नाहीत, हे फलकावर लावायचं. शेवटचं कलम ते काढायला सांगतील. ते काढू देऊ नका.

मसुदा मी लिहितो. लेखाशीर्षासकट लिहितो, म्हणजे 'तरतूद नाही' म्हणता येणार नाही. मशिनांची बिलं तपासणाऱ्या माणसाकडून एवढं तरी व्हावं.


मिरज जंक्शन
मंगळवार, रात्री ९.५०

दादाला वाचून दाखवलं सगळं. त्या न्यूयॉर्कच्या भागाला त्यानं दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा विचारलं, पगार खरंच देतात? मग म्हणाला, माझी केस आहे हे अर्जात आधीच लिहा, नंतर कुणी काढली असं नको.

येतोय तो.


शंभरफुटी मिस्त्री
मंगळवार, रात्री १०.४०

सगळ्यांनी एवढं मनावर घेतलं, मला काय लिहावं सुचत नाही.

येत्या गुरुवारी गॅरेजला सुट्टी असते. सकाळी अकराला शटर अर्धं उघडं ठेवतो. हळदपेठ काका, मसुदा घेऊन या. मिरजेचा भाऊ आणि दादा येतील. ताई, कराडहून येणं जमणार नाही, पण मुलींचं कलम तुम्ही लिहून पाठवा, त्यातला एक शब्द बदलणार नाही. माहुलीकर, तुम्ही ओकलंडची आणि शिकागोची माहिती मराठीत एका पानात द्या. त्याच दिवशी दुपारी आम्ही प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन आवक नंबर घेऊन येतो.

जिनं मला ते वाक्य ऐकवलं त्या बाईंच्या घरी आज जाऊन आलो. पोरगा जामिनावर बाहेर आहे. सतरा वर्षांचा. माझ्याकडं वर बघितलं नाही. मी म्हटलं, गुरुवारी ये, काम देणार नाही, बसायला ये. त्यानं हो म्हटलं नाही, पण वेळ विचारली.

आणि बोट गेलेल्या त्याला फोन केला, २००९ चा तो. तिशी गाठलीय. तासगाव रोडला पंक्चरचं दुकान आहे, स्वतःचं. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, दहा पोरांमागं एक मोठा माणूस लागणार आहे. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मिस्त्री, मी येतो. पण संध्याकाळी सातनंतर. तोपर्यंत दुकान सोडता येत नाही."